गर्भ आहे, पण कुठे?

चांदपोलजवळचे जनाना रुग्णालय आणि सांगानेरी गेटचे महिला चिकित्सालय ही जयपूरमधील सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेली दोन शासकीय रुग्णालये. टोंक, दौसा, सीकरकडूनही तेथे स्त्रिया पाठवल्या जातात. अशा ठिकाणी एखादी स्त्री पांढरीफटक पडलेली, नाडी जलद झालेली अशी येते आणि पोटाबरोबर खांदाही दुखतो म्हणते. खांद्याला काहीच झालेले नसते. पोटात साचलेले रक्त श्वासपटलाला डिवचते आणि ती वेदना मेंदूला खांद्यात भासते.

अस्थानिक गर्भधारणेत फलित बीज गर्भाशयात न पोहोचता वाटेतच रुजते, बहुतेक वेळा बीजवाहिनीत. जुना जंतुसंसर्ग, आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोगही, ही वाट अडवतो. अरुंद नळी गर्भाला सामावू शकत नाही. काही आठवड्यांत ती फुटू शकते.

घरच्या चाचणीची पट्टी गर्भ आहे एवढेच सांगते, कुठे आहे हे नव्हे. खरा घात इथेच होतो. दुकानातून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या नळीतला गर्भ संपवत नाहीत. रक्तस्राव मात्र होतो, आणि काम झाले असे समजून घर निश्चिंत होते. योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी आणि अठ्ठेचाळीस तासांच्या अंतराने मोजलेले एचसीजी या दोन तपासण्यांनी बहुतेकदा उलगडा होतो.

गर्भ लहान व नळी शाबूत असेल तर मेथोट्रेक्सेट पुरते. एरवी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया; नळी फुटून रुग्ण कोसळत असेल तर थेट पोट उघडून रक्तस्राव बांधावा लागतो. बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी १८८३ मध्ये अशी रुग्ण वाचवली. त्याआधी एका रुग्णावर शस्त्रक्रिया करण्यास ते धजावले नव्हते, ती दगावली.

नळी काढली म्हटले की सासरचा पहिला प्रश्न मुलाचा असतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४४६ स्त्रियांवरील युरोपीय चाचणीत दुसरी नळी निरोगी असताना नळी राखलेल्यांत ३६ महिन्यांत सुमारे ६१ टक्के, तर काढलेल्यांत ५६ टक्के स्त्रियांना नैसर्गिक गर्भधारणा झाली. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठरण्याइतका नव्हता. दुसरी नळी कशी आहे, हे शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेतच पाहून नोंदवतात. तो कागद जपून ठेवावा, कारण पुढच्या खेपेस पाळी चुकताच लवकर सोनोग्राफी करायची असते.