आधीचा मालक, पुढचा मालक

वापरलेली वस्तू घेताना आपण आधी तिचा चेहरा बघतो. स्टेनलेस स्टीलच्या रिव्हॉल्वरचा चेहरा काही सांगत नाही. जुन्या निळ्या पोलादाचं अंग बोलकं असतं. चामड्याच्या म्यानात आत-बाहेर होऊन नळीच्या टोकाची निळाई उडालेली असते, सिलिंडरच्या कडा पांढऱ्या पडलेल्या असतात, मुठीपाशी कुणाच्या तरी घामाचा तांबूस गंज धरलेला असतो. स्टेनलेसवर असं फार काही टिकत नाही. बारीक ओरखडे असतील तर भांडी घासायची हिरवी घासणी हलक्या हातानं एकाच दिशेनं फिरवायची, की कारखान्यातून निघतानाची मंद झळाळी परत येते. तीस वर्षं पोलिसाच्या कमरेला लटकलेलं आणि तीस वर्षं कपाटात पडून राहिलेलं, अशी दोन रिव्हॉल्वरं दुकानाच्या काचेखाली जुळी भावंडं वाटू शकतात.

ओहायोत आमच्या गावाजवळ एक दुकान आहे, तिथे अशी दोन शेजारी शेजारी ठेवलेली होती. एक स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६६, दुसरं रुगरचं सिक्युरिटी-सिक्स. दोन्ही ३५७ मॅग्नम, दोन्हींची नळी चार इंची, सहा गोळ्या, मध्यम सांगाडा, वजन किलोच्या आसपास. रुगरच्या नळीवर ‘अमेरिकन स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षी बनवलेलं’ अशा अर्थाची ओळ कोरलेली होती, म्हणजे ते १९७६चं. स्मिथची नळी सांगाड्यात आडव्या पिनेनं अडकवलेली होती. ही पद्धत कंपनीनं १९८२च्या सुमारास सोडली, त्यामुळे तेही त्याच पिढीतलं. स्मिथला दोनशे डॉलर जास्त.

मी गोळ्या झाडतो त्या कागदावर. क्लबच्या रेंजवर पंचवीस यार्डांवर एक गोल टांगायचा आणि शनिवारची सकाळ घालवायची, एवढाच माझा आणि बंदुकीचा संबंध. पण दोन धातूच्या वस्तू समोर आल्या की मला राहवत नाही. वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका फाउंड्रीत मोल्डर होते, मी पुढे लेथवर उभा राहिलो आणि तिथून इकडे आलो. आमच्या घरात ‘ओतीव’ आणि ‘घडीव’ हे दोन शब्द जेवताना निघायचे. वडील कास्टिंगवर हातोडीनं टकटक करून नाद ऐकायचे. आत पोकळी असेल तर आवाज बद्द येतो.

या दोन रिव्हॉल्वरांचं भांडणही तेच आहे. स्मिथचा सांगाडा घडीव, तापल्या पोलादाला घणाखाली आकार देऊन मग यंत्रावर कोरलेला. रुगरचा ओतीव. अमेरिकेतले जुने शौकीन ‘ओतीव’ म्हणताना नाक मुरडतात. उद्यमनगरातला मुलगा म्हणून मला त्याचा जरा राग येतो. रुगरची ओतकामाची पद्धत वाळूच्या साच्याची नाही, मेणाची आहे. आधी मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचे थरावर थर, मग तापवून मेण काढून टाकायचं आणि पोकळीत पोलादाचा रस सोडायचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. मातीच्या लेपाऐवजी सिरॅमिक आणि पंचधातूऐवजी पोलाद धरलं, की ती न्यू हॅम्पशायरमधल्या रुगरच्या ओतशाळेतही चालेल. याच कंपनीनं पुढे नव्वदच्या दशकात गोल्फच्या काठ्यांची टायटॅनियमची डोकीही ओतली.

ओतकामाचा फायदा असा, की जिथे जाडी हवी तिथे साच्यातच जाडी ठेवता येते. स्मिथच्या एका बाजूला झाकणपट्टी असते, ती काढली की आतली यंत्रणा दिसते. रुगरला झाकणपट्टीच नाही. दोन्ही भिंती अखंड, यंत्रणा खालून चापाच्या कडीसकट उतरते. बळकटीत रुगर सरस, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

स्मिथच्या बाजूची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आणि म्हणून जास्त मजेची आहे. त्याच्या सांगाड्याचं कूळ १८९९चं, साध्या ३८ कॅलिबरसाठी आखलेलं. ३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५मध्ये आलं, तेव्हा त्याला मोठा, जड सांगाडा दिला होता. सीमा गस्ती दलातल्या बिल जॉर्डनसारख्यांना दिवसभर कमरेला वागवता येईल असं मॅग्नम हवं होतं. त्यातून १९५५मध्ये मधल्या सांगाड्यावरचं मॅग्नम निघालं. मॉडेल ६६ म्हणजे त्याचाच स्टेनलेस अवतार, १९७०च्या सुमाराचा. स्टेनलेसचं पहिलं रिव्हॉल्वर याच कंपनीनं १९६५मध्ये काढलं होतं. मधल्या सांगाड्यावर मॅग्नम बसवण्यामागचं गृहीतक साधं होतं: सरावाला त्याच रिव्हॉल्वरमधून सौम्य ३८ स्पेशल झाडा, मॅग्नम कामावर असताना भरा. पुढे पोलीस खाती सरावालाही मॅग्नमच झाडू लागली, तीही १२५ ग्रेनची हलकी, भरधाव गोळी. नळीचं मागचं तोंड या सांगाड्यात खालच्या बाजूला थोडं सपाट कापावं लागतं, नाहीतर सिलिंडरचा बिजागर मिटत नाही. तिथे धातू पातळ राहतो. काही नळ्या नेमक्या तिथेच तडकल्या. कंपनीनं १९८०च्या सुमारास किंचित मोठा नवा सांगाडा काढला, तो याच तक्रारींवरचा उतारा.

चेहरा बोलत नसला की फटींना विचारावं लागतं. आधी सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे बघायचं, मग बोट घालून पुन्हा बघायचं. चाप ओढण्याआधी दुकानदाराला विचारायचं. आणि सिनेमातल्यासारखा मनगटाला झटका देऊन सिलिंडर कधीही मिटायचा नाही. त्यानं बिजागर वाकतो. आधीच्या मालकाला सिनेमे आवडत होते का, हे पुढच्या तपासणीत कळतंच.

घोडा अगदी हळू मागे ओढायचा, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरवर हलकं टेकवून. घोडा अडकण्याआधी सिलिंडर आपल्या खाचेत टक् करून बसला पाहिजे. हे सहाही घरांसाठी करायचं, एखादंच घर आळशी निघतं. चढवलेला घोडा अंगठ्यानं पुढे ढकलून बघायचा, तो सुटता कामा नये. मग सिलिंडर पुढे-मागे किती हलतो ते आणि नळी-सिलिंडरमधली फट. खिशातलं फिलर गेज मी काढलं तेव्हा म्हातारा दुकानदार हसला. थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे आमच्या वर्कशॉपचं माप इथे तसंच्या तसं चालतं. चार ते आठ थाऊ फट चांगली, दहाच्या वर गेली की विचार करावा. रुगरची पाच होती. स्मिथची आठ, आणि सिलिंडर पुढे-मागे किंचित जास्त हलत होता. त्यावर बारीक वॉशर टाकून इलाज होतो.

कागदावर रुगर जिंकलं होतं. पण मी टॉर्च घेऊन घरांच्या आत बघितलं. ३८ स्पेशलच्या काडतुसाचं कवच मॅग्नमच्या कवचापेक्षा तीन-साडेतीन मिलिमीटर आखूड असतं. मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये वर्षानुवर्षं ३८ झाडली की त्याचं तोंड संपतं तिथे काजळीचं कडं धरतं. बाहेरचं अंग कितीही घासलं तरी हे कडं सहसा राहून जातं. स्मिथच्या सहाही घरांत ते होतं. नळीच्या तोंडाशी तडा नव्हता. सांगाड्याच्या वरच्या पट्टीवर, फटीच्या बरोबर वर, मॅग्नमच्या ज्वाळेनं जी बारीक रेघ कोरली जाते ती जेमतेम दिसत होती. रुगरमध्ये कडं नव्हतं आणि रेघ चांगली खोल होती. म्हणजे ते पोटभर मॅग्नम खाऊन तसंच्या तसं ताठ उभं होतं, आणि स्मिथ कुणीतरी माझ्यासारख्याच माणसानं शनिवार-शनिवार कागदावर झिजवलं होतं.

इथे माझा विचार फिरला. तोवर मी आधीचा मालक शोधत होतो, आणि पुढचा मालक कोण, हे गृहीत धरून बसलो होतो. रुगरची ती सगळी जाडी ज्या माणसासाठी आहे तो मी नाही. अस्वलांच्या जंगलात राहणारा किंवा मॅग्नमच्या पेट्या रिचवणारा कुणी असेल तर त्यानं डोळे मिटून रुगर घ्यावं. मी आयुष्यात मॅग्नमचे मोजके बार काढीन, तेही कुणी पाहुणा हट्टाला पेटला तर. न वापरायच्या ताकदीसाठी बोटाला रुगरचा जड चाप का सोसायचा? स्मिथचा चाप मात्र असा होता, की आतले भाग कुणी हातानं घासून बसवलेत हे बोटाला कळत होतं.

दुकानात ताकदीची एवढी भाषा का चालते, तेही लक्षात येतं. काउंटरवर पहिला प्रश्न असतो, “घराच्या रक्षणासाठी का?” या प्रश्नाला हो म्हटलं की कुठलीच ताकद पुरेशी वाटत नाही, कारण भीतीला माप नसतं. मी तिथे नाही म्हणतो. घरात बंदूक असली की त्या घरात आत्महत्येचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्याच वैद्यकीय अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. तो धोका चोराच्या भीतीपेक्षा मला खरा वाटतो. कुणी म्हणेल, मग घेतोसच कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे ‘आवडतं’ यापलीकडे उत्तर नाही. बायको एवढंच म्हणाली, “अहो, घ्यायचं ते घ्या, पण आधी त्याची तिजोरी घरात येऊ दे.” तिजोरी आधी आली, पक्की भिंतीत ठोकली. काडतुसं वेगळ्या कुलपात.

स्मिथ घेतो म्हटल्यावर म्हाताऱ्यानं फॉर्म पुढे केला, ४४७३ नंबरचा. जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाचं नाव कागदावर येतं. इथे या रिव्हॉल्वरनं काय पाहिलं, किती हातांतून गेलं, यावर एक ओळ नव्हती. सगळे प्रश्न मला. खरा खरेदीदार तुम्हीच ना? फरारी आहात का, नशेच्या आहारी गेला आहात का, घरगुती हिंसाचाराचा गुन्हा सिद्ध झालाय का? नागरिक नसाल तर कुठल्या हक्कानं राहता? एच-वन-बीवर असताना मी हे घेऊ शकलो नसतो. शिकारीच्या परवान्यासारखी एखाददुसरी पळवाट सोडली तर तात्पुरत्या व्हिसावाल्यांना बंदूक विकत घ्यायला मनाई आहे. ग्रीन कार्डवाल्याला चालते. आपल्याकडे परवान्यासाठी महिनोन्‌महिने चालणारी पोलीस चौकशी बघितलेल्या माणसाला, एफबीआयकडून काही मिनिटांत आलेला होकार अजूनही विचित्र वाटतो. इतक्या थोडक्यात कुणाची पारख होते यावर माझा विश्वास नाही. रिव्हॉल्वरला मी त्याहून जास्त वेळ दिला होता.

पैसे देताना म्हाताऱ्यानं मॅग्नमची एक पेटी काउंटरवर सरकवली. निम्म्या किमतीत, म्हणाला, नव्या मालकाला. मी ती परत सरकवली आणि सपाट तोंडाच्या ३८च्या दोन पेट्या मागितल्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडणाऱ्या. त्या संपल्या होत्या. मंगळवारी ये, म्हणाला.