राणीच्या बागेंतील वृक्षमंडळी

मुंबईंतील कोणत्याही मुलास विचारावें कीं, राणीच्या बागेंत काय आहे? तो वाघ म्हणेल, पाणघोडा म्हणेल, आणि अलीकडे सर्वांआधीं पेंग्विन म्हणेल. त्याच्या आजोबांस विचारावें, तर ते हत्तीवरून मारलेल्या फेरीची आठवण सांगत बसतील. "झाडें आहेत" असें उत्तर आम्हांस आजवर एकाही विद्यार्थ्यानें आपण होऊन दिलेलें नाहीं. वास्तविक ही बाग आधीं झाडांची, मग जनावरांची. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं लेडी फ्रियर यांच्या हस्तें ती लोकांस खुली झाली, तेव्हां तिचा मूळ हेतु वनस्पतींची जोपासना हाच होता. पिंजरे मागाहून आले. व्हिक्टोरिया राणीचें नांव जाऊन आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाली आहे, तरी लोकांच्या तोंडीं राणीची बाग हेंच नांव टिकून राहिलें. भायखळ्याच्या गजबजाटांत अडीचशेंहून अधिक जातींचीं सुमारें तीन हजार झाडें तेथें उभीं आहेत, हें किती मुंबईकरांस ठाऊक असेल?

गेलीं कांहीं वर्षें आम्ही महिन्यांतून एका शनिवारीं सकाळीं पंचवीसएक विद्यार्थी घेऊन तेथें जातों. नियम एकच: एका फेरींत एकच झाड पाहावयाचें. अर्धा तास त्याच्यापाशीं बसावयाचें, वहींत चित्र काढावयाचें, आणि घरीं जाऊन त्याजविषयीं कोणास तरी सांगावयाचें. कित्येक पालक आम्हांस म्हणतात, "याला परीक्षेंत गुण किती?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सोपें आहे: एकही नाहीं. तरीही आम्ही जातों.

मुलांचें सर्वांत आवडतें झाड म्हणजे कैलासपती. याचीं फुलें फांदीच्या शेंड्यावर न येतां थेट बुंध्यांतून फुटलेल्या दोरखंडासारख्या डहाळ्यांवर येतात. फूल गुलाबी, जाड पाकळ्यांचें, घमघमाट सुटलेलें. आंत केसरांचा एक भाग फणीप्रमाणें वाकून मधल्या चकतीवर छत्र धरतो. लोकांस त्यांत शिवलिंगावर फणा धरलेला नाग दिसला, आणि झाड पुराणकाळचें ठरून गेलें. परंतु हा वृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. आपल्या पुराणांस त्याचा पत्ताही नसणार! आम्हांस या नांवाचा राग येत नाहीं. उलट परक्या पाहुण्यास इतक्या मानाचें नांव देऊन घरांत घेणारे आपले लोक मोठे रसिक म्हणावयाचे. गंमत पुढेंच आहे. त्या फुलांत पराग दोन प्रकारचे असतात. फण्यांतील पराग केवळ भुंग्यांस खाऊ म्हणून. त्यांतून बीज धरत नाहीं. भुंगा तो खाऊ गोळा करण्यास आंत शिरतो, आणि खालच्या कड्यांतील खरा पराग त्याच्या पाठीस लागतो. हें कळल्यावर एक विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे झाड भुंग्याला फसवतें!" दुसरा म्हणाला, "खाऊ तर देतें ना?" परतीच्या गाडींत भायखळ्यापासून दादरपर्यंत हा वाद चालला होता, आणि आम्हीं त्यांत मुळींच तोंड घातलें नाहीं.

गोरखचिंचेपाशीं गेल्यावर मुलें हातांत हात गुंफून बुंध्यास वेढा घालतात. हा आफ्रिकेंतला रहिवासी. मऊ, सच्छिद्र खोडांत पाणी सांठवून कोरडे महिने काढणारा. वर्षांतील पुष्कळ दिवस तो निष्पर्ण असतो, तेव्हां मुळें वर करून उलटें रोवल्यासारखा दिसतो. त्याचें मोठें पांढरें फूल सूर्यास्तानंतर उमलतें आणि वटवाघळें त्याचा परागवाटप करितात. बाग संध्याकाळीं बंद होते. म्हणून त्या फुलाची व आमची गांठ सकाळीं जमिनीवरच पडावयाची.

परंतु आमचें स्वतःचें मन गुंतलें तें उर्वशींत आणि सीतेच्या अशोकांत. उर्वशी ब्रह्मदेशची. लाल फुलांचे तिचे लोंबते घोस झुंबरांप्रमाणें दिसतात. तिला बीज क्वचितच धरतें, म्हणून माळी तिची गुटी बांधतात: फांदीची साल वलयाकार काढून ओलें शेवाळ गुंडाळावयाचें आणि मुळ्या फुटेपर्यंत वाट पाहावयाची. अशोक तिचा नातलग, पण आपला घरचा. रस्त्याकडेचा सरळसोट उंच "अशोक" हा तो नव्हे. खऱ्या अशोकाच्या फुलास पाकळ्या नसतातच. रंग असतो तो निदलांचा, प्रथम पिवळसर, मग नारिंगी, मग लाल. आणि या दोघांची नवी पालवी मान टाकून लोंबते, तांबूस, लुळी, जणूं सुकलेली. कांहीं दिवसांनीं ती हिरवी होऊन ताठ उभी राहते. कोवळेपणीं ऊन व किडे यांपासून बचाव व्हावा म्हणून ही युक्ति असावी, असें मानितात.

त्या दिवशीं वर्गांत सहसा न बोलणारी एक मुलगी या पालवीस हात लावून म्हणाली, "हें मरत नाहीं. आमच्या आजीच्या परसांत आहे." सिंधुदुर्गांतून परळच्या एका खोलींत राहावयास आलेली ती, दोन वर्षांत तिचें इतकें मोठें वाक्य आम्हीं ऐकलें नव्हतें. मग बकुळ, नागकेशर, सुरंगी, एकेकाचें नांव निघालें, आणि शहरचीं मुलें तिच्याभोंवतीं कोंडाळें करून उभीं राहिलीं. आम्ही मागें सरलों.

२००७ च्या सुमारास बागेचा कायापालट करून मोठें परदेशी धर्तीचें प्राणिसंग्रहालय करण्याची योजना पुढें आली होती. झाडांचें काय होणार या चिंतेनें कांहीं नागरिक पुढें आले. स्त्रियांचा त्यांत पुढाकार होता. त्यांनीं झाडांच्या नोंदी केल्या, लोकांस तीं ओळखावयास शिकविलें, हरकती मांडल्या, आणि ती योजना त्या रूपांत झाली नाहीं. ही हकीगत सांगितल्यावर त्या मुलीनें विचारलें, "मग आपली यादी कुठें आहे?" तेव्हांपासून आमच्या वह्यांस पृष्ठांक आणि तारखा आल्या.

पुढच्या जुलैंत तिच्या आजीनें गांवाहून अशोकाच्या ताज्या शेंगा धाडल्या. हें बीं ठेवून चालत नाहीं, लवकर निर्जीव होतें. म्हणून त्याच दुपारीं गणिताचा तास सोडून पेरणी झाली. (गणिताच्या गुरुजींचे आभार.) वीस बियांपैकीं अकरा उगवल्या. रोपें आतां गुडघ्याइतकीं झालीं आहेत. मागील आठवड्यांत त्यांना नवी पालवी फुटली, आणि तीं कोमेजलीं असें समजून शिपाईकाकांनीं दिवसांतून तीनदां पाणी घातलें. मुलगी धांवत आली, त्यांच्या हातांतली झारी घेतली आणि म्हणाली, "काका, राहूं द्या. तीं झोपलीं आहेत."