पट्टी

अंबत्तूरला नोव्हेंबरच्या पावसात धुणं दोन-दोन दिवस वाळत नाही. समोरच्या गॅलरीत दोरीवर दोन पट्ट्या लोंबत असतात. साडेचार मीटर लांब, एके काळी लाल, आता विटकरी. तिथली मुलगी दिवसा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला जाते आणि संध्याकाळी बॉक्सिंगला.

मी ‘पट्टी’ म्हणते, तिला ऐकू येतं ‘पाट्टी’. तमिळमध्ये पाट्टी म्हणजे आजी. मला ते अगदी पटतं. धुऊन धुऊन मऊ झालेली, कडा विरलेली, पण पकड पक्की. एका टोकाला अंगठ्यात अडकवायचा फासा, दुसऱ्याला वेल्क्रो. आधी मनगटाला वेढे, मग मुठीवरून, मग बोटांच्या बेचक्यांतून. हातातली 27 हाडं ती आजीसारखीच एकत्र धरून ठेवते. गुंडाळताना वेल्क्रो आत आणि फासा बाहेर राहिला पाहिजे; चुकलं तर सगळी उलगडून पुन्हा पहिल्यापासून. फोटोत मिरवतो तो ग्लव्ह. घाम पिते ती पट्टी.

मुलीला व्यावसायिक व्हायचंय, बॉक्सर सरितादेवीसारखं. 2014च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीचा निकाल सरितादेवीला अन्यायाचा वाटला, आणि तिने कांस्यपदक गळ्यात घालून घेतलं नाही. वर्षभराची बंदी भोगली. 29 जानेवारी 2017ला इंफाळमध्ये, आपल्या माणसांसमोर, ती पहिली व्यावसायिक लढत खेळली आणि हंगेरीच्या झोफिया बेडोला हरवून उतरली. त्या वाटेवर डोक्याचं हेडगार्ड जातं. हलक्या वजनगटांत ग्लव्ह 10 औंसांवरून 8 औंसांवर येतो, म्हणजे ठोसा हाडाच्या आणखी जवळ.

आणि ही कापडी पट्टीही मागे राहते. व्यावसायिक लढतीआधी हात बांधतात ते गॉज आणि चिकटपट्टीने. प्रतिस्पर्ध्याचा माणूस शेजारी उभा राहून पाहतो, अधिकारी त्या बांधलेल्या हातावर सही करतो. लढत संपली की ते सगळं कात्रीने कापून टाकायचं. वर्षानुवर्षं सरावाचे ठोसे जिने सोसले, तिला लढतीच्या रात्री रिंगमध्ये जागा नाही. मला याचं वाईट वाटतं, अगदी मनापासून.

आज दुपारी घटकाभर ऊन पडलं. संध्याकाळी मुलगी गॅलरीत आली, पट्टी गालाला लावून पाहिली.

“वाळली का गं?” मी विचारलं.

“फाशापाशी ओली आहे, अक्का.”

तशीच गुडघ्यावर घेऊन तिने ती घट्ट गुंडाळली, वेल्क्रो आत, फासा बाहेर, आणि जिना उतरून गेली.