सुक्या बोंबलाचा हिशेब

वेसावे, उत्तन, अर्नाळा, सातपाटी येथील कोळीवाड्यांत डोल जाळ्यातून आलेला बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या सांगाड्याला ताणून बांधलेल्या दोरांवर, वाळत घातला जातो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरावर टाकली की मासळीला चहूबाजूंनी वारा लागतो आणि वाळूचा कणही चिकटत नाही. या व्यवसायाच्या वाढीची चर्चा बहुधा यंत्रे आणि कर्ज यांपासून सुरू होते. परंतु छोट्या उद्योगाची वाढ माल किती वाळवला यापेक्षा प्रत्येक खेप किती एकसारखी वाळली, यावरच अधिक अवलंबून असते.

ताज्या बोंबलात सुमारे ९० टक्के पाणी असल्याने १०० किलो ओल्या मासळीतून जेमतेम १२ ते १५ किलो सुका माल हाती येतो. ओली मासळी ५० रुपये किलोने पडली आणि १४ किलो सुका निघाला असे धरले, तर किलोमागे नुसत्या मासळीचेच साडेतीनशेहून अधिक रुपये होतात. धुणे, अडकवणे, उलथणे, उतरवणे यांत घरच्या बायकांचे जे तास जातात, ते या हिशेबात येतच नाहीत. हे श्रम फुकटचे धरले जातात, म्हणून भाव कोठवर उतरू द्यावा हे विकणारीला उमगत नाही, आणि या धंद्यातला सर्वांत जुना अन्याय हाच आहे.

माल ओलसर असतानाच विकला तर वजन भरते, पण पुढे बुरशी धरते आणि गिऱ्हाईक तुटते. म्हणून डोक्याजवळचा जाड भाग बोटांनी दाबून, तो कडक लागल्यावरच खेप उतरवावी. त्यानंतरची प्रतवारी, म्हणजे आकार, रंग आणि तूटफूट पाहून माल वेगळा करणे, हे जवळजवळ बिनखर्चाचे काम असून अखंड, फिकट पिवळसर बोंबलाला वेगळा भाव मिळवून देते. तुटका माल चटणीकडे वळवता येतो. पाकीटबंद विक्रीसाठी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी मात्र आधीच करून घ्यावी.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि घरोघर पावसाळ्याची बेगमी, म्हणजे आगोटीची खरेदी, त्याआधी होते. ज्या घराला रोख पैशाची निकड असते ते हिवाळ्यातच माल व्यापाऱ्याला देऊन मोकळे होते. बचत गटाने कोरडी सामाईक कोठी भाड्याने घेऊन, ठेवलेल्या मालावर सदस्यांना थोडी उचल दिली, तर तोच बोंबील मे महिन्यापर्यंत थांबू शकतो.