वाटा

खारदांड्याच्या रस्त्यावर मासळी वाळवायची वलांडी दृष्टीस पडण्यापूर्वीच वाळत्या बोंबलांचा वास येऊन भेटतो. आणि तो आला की इतक्या वर्षांनंतरही मला माझ्याच हस्ताक्षरातल्या एका शेऱ्याची आठवण होते.

माझ्या नोकरीचा आरंभ मतिमंद मुलांच्या (तेव्हा दफ्तरात हाच शब्द रूढ होता आणि तो उच्चारताना आम्हांला काही वावगे वाटत नसे) दहाबारा जणांच्या वर्गात झाला. बुटाची नाडी, डावा हात आणि उजवा, दोन आणि तीन यांतला भेद, एवढेच मी तिथे ५ वर्षे शिकविले. पुढे मानसशास्त्राची पदवी घेऊन मी महाविद्यालयात अधिव्याख्याती म्हणून रुजू झाले, तेव्हा आप्तेष्टांनी ती एकमुखाने बढती मानली. मीही मानली, हे कबूल केले पाहिजे. वर्गात एक गोष्ट मुलाच्या अंगवळणी पडायला आठ-आठ महिने लागत. आता मुलांची बुद्धिचाचणी घ्यायच्या टेबलापाशी मात्र तासाभरात सारे मूल उलगडल्याचा भास होई.

चाचणी अर्थातच बिने-कामत. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेची मापनश्रेणी मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतरित केली व त्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली निघाला. हिशेब सरळ असे: १२ वर्षांच्या मुलाने ६ वर्षांच्या मुलाइतकी उत्तरे दिली, तर भागाकाराला शंभराने गुणून हाती ५० राहतात. दांड्याच्या एका कोळ्याच्या मुलाचा अंक असाच काहीसा आला, आणि मी खाली लिहिले, ‘पैशाच्या व्यवहारास असमर्थ.’ त्याच्या आईने तो कागद घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला. विचारले काहीच नाही.

वर्षा-दीड वर्षाने मासळी घ्यायला गेले, तर तोच मुलगा पाटीमागे बसलेला. पुढे मांदेलीचे वाटे, सगळे सारख्या आकाराचे, आणि सगळ्यांचा भाव एकच, १० रुपये. गिऱ्हाइकाने दहाची नोट दिली की तो एक वाटा उचलून पिशवीत टाकी. नोट मोठी असली की हनुवटीने समोर बसलेल्या आईकडे बोट दाखवावे तशी खूण करी. कोणी घासाघीस करू लागले, तर तो नुसता हसे, आणि गंमत अशी की त्या हसण्यापुढे घासाघीस फार वेळ टिकत नसे. “बाई,” त्याची आई म्हणाली, “त्याला मोड देता येत नाय, म्हनून वाटे मीच सारखे लावते.”

माझा शेरा खोटा नव्हता. त्याला मोड खरोखरच देता येत नव्हती. मी मुलाला मोजले होते, आणि त्या माउलीने व्यवहाराला मोजून, त्याचा नको तेवढा भाग छाटून, तो मुलाच्या मापाचा बेतला होता. नाडी शिकविताना मी दुसरे काय करीत होते? पहिल्या सर्व गाठी स्वतः मारून शेवटची ओढ तेवढी मुलाकडे ठेवीत असे. टेबलापलीकडे जाऊन बसल्यावर ते कसब माझ्या हातातून कधी गळाले, ते माझे मलाच कळले नाही.

आणि हे विस्मरण एकट्या माझे नव्हे. फ्रेंच सरकारने १९०४ साली नेमलेल्या आयोगाच्या कामातून बिनेची १९०५ची श्रेणी जन्मली, ती कोणत्या मुलांना विशेष अध्यापनाची गरज आहे हे ओळखण्यासाठी. आणि बुद्धी जन्मतःच कायमची ठरलेली असते असे मानणाऱ्यांवर रुष्ट होऊन त्याने अशा मुलांसाठी मनाचे व्यायामही सुचविले होते. व्याख्यानांतून मी गुणांकाच्या सूत्राला चार तास देई, या व्यायामांना एक वाक्य. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने विशेष शिक्षक आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांना एकाच नोंदवहीत आणले खरे. पण खुर्च्यांची उंची काही कायद्याने समान होत नाही.

मासळी घ्यायला गेले त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत माझ्या प्रत्येक अहवालात एक रकाना जादा असे: घरच्यांनी मुलासाठी आधीच काय तजवीज केली आहे. छापील नमुन्यात तो नव्हता; पट्टी घेऊन हाताने आखावा लागे.