सिंकखालचं कपाट

३१ जानेवारी २०२१. आपल्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात, पल्स पोलिओच्या दिवशी पाच वर्षांखालच्या १२ मुलांना डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. सुदैवाने मुलं बचावली. शिकलेल्या माणसांकडून बाटली बदलते, तर दीड वर्षाच्या बाळाला ती कशी ओळखू यावी?

बातमी वाचली त्या संध्याकाळी मी घरचं सिंकखालचं कपाट उघडलं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत फिनाईल! भरून ठेवणारा मीच, आणि भावाची नात दोन दिवसांनी मुक्कामाला येणार होती.

नवीन किचन करत असाल तर सुताराला सांगा, ओट्याखाली भांडी आणि डबे. फिनाईल, अ‍ॅसिड, उंदराचं औषध सगळ्यात वरच्या कपाटात, कुलपात आणि मूळ बाटलीतच. चुंबकाचं दार मूल सहज ओढतं. बाथरूममध्येही हेच. तिथे भरलेली बादलीसुद्धा नको, रांगणारं मूल थोड्याशा पाण्यातही बुडतं. फवारणीचं औषध तर घरातच नको. २०१७ नंतर यवतमाळकरांना हे वेगळं काय सांगायचं!

तरीही मुलानं काही प्यायलंच, तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. अ‍ॅसिड वर येताना घसा पुन्हा जाळतं, रॉकेल फुफ्फुसात उतरतं. १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा, आणि बाटली सोबत आणा. बोलणी बसतील म्हणून बऱ्याच आया ती लपवतात. अहो, आम्हाला फक्त लेबल वाचायचं असतं.