सोमवारची टाकी

काशीदच्या हॉटेलांचं सांडपाणी आठवड्यातून दोनच दिवस येतं, असं म्हटलं तरी चालेल. शुक्रवारी रात्रीपासून साळावच्या पुलावर गाड्या लागतात. कोर्लई, बोर्ली करत मंडळी पांढऱ्या वाळूवर येऊन पोचतात आणि रविवारी दुपारी जेवून परत फिरतात. 2020 मध्ये मांडव्याची रो-रो बोट आणि 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून ही ये-जा आणखी सोपी झाली. सोमवारी खोल्या रिकाम्या असतात, स्वयंपाकघर थंड असतं. मागच्या आवारातल्या एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाच्या, टाकीत मात्र जिवाणूंची सगळी वस्ती तशीच असते आणि कालच्याइतकीच भुकेली असते.

अलिबाग ते मुरूड या पट्ट्यातल्या छोट्या सांडपाणी प्रकल्पांची देखभाल हे माझं काम. त्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, ‘मॅडम, गेस्ट नाहीत, मग ब्लोअर कशाला चालू ठेवायचा?’ प्रश्न रास्त आहे. अशा प्रकल्पाच्या विजेतला साधारण निम्मा, कधी त्याहून मोठा वाटा टाकीत हवा फुंकणाऱ्या एकट्या ब्लोअरवर खर्च होतो. मालकाला रिकाम्या खोल्यांमागे घरघरणारा ब्लोअर खटकला, तर त्यात त्याचं काही चुकत नाही.

पण टाकीतली हवा दोन कामं करते, आणि आपण एकाच कामाचा हिशेब मांडतो. जिवाणूंना प्राणवायू पुरवणं हे पहिलं काम. दुसरं काम म्हणजे सगळा स्लज (जिवाणूंचा गाळ) पाण्यात तरंगता ठेवणं, म्हणजे जिवाणू, त्यांचं खाद्य आणि प्राणवायू यांची गाठ पडत राहते. शनिवारी प्राणवायूची गरज मोठी असते, तेवढी हवा सोडली की ढवळणं आपोआप होऊन जातं. सोमवारी खाद्यच नसतं, त्यामुळे प्राणवायूची गरज खूप उतरते. ढवळण्याची गरज मात्र तसूभरही कमी होत नाही. स्लजचं वजन काही वार बघून बदलत नाही.

ब्लोअर दिवसभर बंद ठेवला की काय होतं, ते टाकीशी उभं राहून बघावं. अर्ध्या तासात वर नितळ पाणी दिसायला लागतं आणि ऑपरेटरला वाटतं, पाणी साफ झालं. खाली सगळी वस्ती एकमेकांवर रचून बसलेली असते. उरलासुरला प्राणवायू थोड्याच वेळात संपतो. चॉकलेटी स्लज काळपट पडायला लागतो आणि ओल्या मातीचा वास जाऊन सडक्या अंड्याचा वास सुरू होतो. मग शुक्रवारी संध्याकाळी बटण दाबलं जातं आणि रात्री चाळीस माणसांचं पाणी या अर्धमेल्या टाकीत येऊन पडतं. रविवारी बाहेर पडणारं पाणी गढूळ का, याचं उत्तर मंगळवारी घडलेलं असतं.

काही ठिकाणी आठवडाभर गूळ कालवून टाकतात, वस्ती उपाशी मरू नये म्हणून. थोडा गूळ चालतो. पण ज्या टाकीत ढवळणंच नाही, तिथे तो गूळ तळाशी आंबतो आणि वास आणखी वाढतो.

किनाऱ्यावरची खरी पीडा वाळूची. समुद्रातून आलेली मंडळी आवारातल्या शॉवरखाली पाय धुतात. ते पाणी सांडपाण्याच्या गटाराला जोडलेलं असलं की काशीदची बारीक वाळू थेट एअरेशन टाकीत येते. हवा तिला उचलू शकत नाही. ती कोपऱ्यांत साचते, हळूहळू तळाच्या डिफ्यूझरवर, म्हणजे बुडबुडे सोडणाऱ्या रबरी पटलांवर, चढते आणि तेवढ्या भागातली हवा कोंडते. विरघळलेला प्राणवायू मोजणाऱ्या डीओ मीटरची तार फूटभर बुडवली तर लिटरमागे 3 मिलिग्रॅम दिसतं, म्हणजे झकास. तीच तार कोपऱ्यात तळापर्यंत सोडली की आकडा शून्यापाशी येतो. म्हणून मी मीटरच्या आधी पाण्याचा पृष्ठभाग बघते. बारीक बुडबुड्यांच्या टाकीवर सगळीकडे सारखी, मऊ उकळी हवी. एकाच जागी पाणी उसळत असेल तर तिथलं रबरी पटल फाटलंय. एखादा कोपरा गप्प असेल तर तिथे खाली वाळू आहे. शॉवरच्या पाण्याला वेगळा वाळूसापळा करायला दोन दिवस लागतात. मी तो प्रत्येक ठिकाणी करायला लावते.

हवा विरघळवणंही इथे सोपं नाही. 20 अंशाला लिटरभर पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त 9.1 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला 7.5. आणि इथली गर्दी असते मे महिन्यात, जेव्हा पाणी गरम असतं आणि जिवाणूंची भूकही वाढलेली असते. त्यात चादरी धुतलेलं साबणाचं पाणी आलं की बुडबुड्याभोवती साबणाचा थर बसतो आणि प्राणवायू बाहेर पडायला अडतो.

हा स्लज इतका का जपायचा? 1914 मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा फुंकून बघितली, तेव्हा पहिल्या खेपेला अमोनियाचं पूर्ण नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी तळाशी बसलेला गाळ फेकला नाही. वरचं पाणी काढून त्याच गाळावर नवं सांडपाणी ओतत राहिले, आणि तेच काम 24 तासांत होऊ लागलं. त्यांना वाट दाखवणारे गिल्बर्ट फाउलर पुढे 1916 मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले. आमचा सगळा धंदा त्या न फेकलेल्या गाळावर उभा आहे. मेलेला गाळ पुन्हा उभा करायचा तर शेणाचा काला टाकून आठवडे मोजावे लागतात, किंवा चालू प्रकल्पातून टँकरभर जिवंत स्लज आणावा लागतो. निसर्ग वादळानंतर, जून 2020 मध्ये, या पट्ट्यातली वीज गेली ती लवकर आलीच नाही. टाक्या पुन्हा चालू करताना मी टँकरच मागवला.

मग सोमवारी करायचं काय? दोन कामं वेगळी करायची. टाकीत एक बुडता मिक्सर बसवायचा. मोठ्या टाक्यांत केवळ ढवळायला घनमीटरमागे 8 ते 13 वॅट पुरतात, पृष्ठभागावरच्या एअरेटरने तेच करायचं तर 20 ते 40 लागतात. छोट्या टाकीला थोडं जास्त धरावं. मधल्या दिवसांत मिक्सर सतत चालतो आणि ब्लोअर टायमरवर, तासभर चालू, तासभर बंद. बंद तासात जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. वाळूच्या जमिनीत मुरणारं पाणी शेजारच्या विहिरीत सहज पोचतं, त्यामुळे हे नायट्रेट आपल्या टाकीतच संपावं, असा माझा आग्रह असतो.

त्याहून मोठा आग्रह इक्वलायझेशन टाकीचा, म्हणजे आलेलं पाणी साठवून सारख्या वेगाने पुढे सोडणाऱ्या टाकीचा. नकाशात ती सहा-आठ तासांची काढतात, शहरातल्या इमारतीला ती पुरते. काशीदला रविवारचं पाणी बुधवारपर्यंत पुरवून पुरवून सोडायचं असतं. त्यासाठी किमान दीड दिवसाची टाकी हवी, तिच्यातही ढवळायला मोठ्या बुडबुड्यांची हवा हवी, नाहीतर ती नुसती सेप्टिक टाकी होते. नव्या हॉटेलचा नकाशा समोर आला की मी आधी याच चौकोनावर बोट ठेवते. मालक म्हणतात, तेवढ्या जागेत दोन खोल्या बसतात. बसतात, हे मलाही दिसतं. मी त्यांना शेजारची विहीर दाखवते आणि टाकीचा आकार तोच ठेवायला सांगते.